कोरा मुरूम

मेश्राम सरांवर माझा राग आहे. ते गेले, प्रार्थना झाली, पेटीवर माती पडली, तरी तो राग गेलेला नाही. आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेसाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडून दोन पानं मागितली. म्हणाले, "तुम्ही त्यांचे जुने विद्यार्थी, प्रेमाने चार शब्द लिहा." मी म्हटलं, प्रेमाचे शब्द हवे असतील तर दुसऱ्या कोणाला सांगा. शेवटी स्मरणिकेत सरांचा फोटो आला आणि खाली चार ओळी. नम्र, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके. त्या वाचून मला हसू आलं. शेवटच्या दोन वर्षांत मंडळीतलं एकही माणूस त्यांच्या बाकावर बसत नव्हतं. मीही नाही.

मी माती उपसायची कंत्राटं घेतो. मिहान प्रकल्पाकडच्या अनेक इमारतींचे पाये माझ्या मशिनींनी खोदलेत. बापाने मला काही दिलं नाही, द्यायला त्याच्याकडे नव्हतंच. जे केलं ते भांडून, घासाघीस करून, वेळ पडली तर कॉलर धरून केलं. पण माती ओळखायला मला शमुवेल मेश्रामांनी शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. रागाचं मूळही तिथेच आहे.

सर उत्खननाच्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. जमिनीतून जे निघेल त्याचं, ते उचलण्याआधी, चित्र काढायचं हे त्यांचं काम. उंच, वाळलेला माणूस. सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून पँटला लावलेला चिमटा ते घरातही काढायला विसरत. खिशात चार पेन्सिली, ब्लेडने तासलेल्या. चहाच्या टपरीवर बसले की माणसांकडे न पाहता मागच्या भिंतीकडे पाहायचे. "ही दोनदा वाढवली. खालची वीट भट्टीची दिसते, वरची मशीनची." टपरीवाला म्हणायचा, "सर, चहाकडे पाहा ना, थंडा होऊन राहिला."

'आहे' हा शब्द त्यांच्या तोंडी फार कमी. ते 'दिसते' म्हणत. पाऊस पडत असला तरी "पाऊस दिसते." लोक हसत. मी एकदा विचारलं, "सर, तुमची बायको होती का दिसत होती?" त्या वेळी बाई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला बोलून गेल्यावर कळलं. ते म्हणाले, "होती." आणि पेन्सिल तासत बसले.

रविवारी उपासना झाल्यावर चर्चमागच्या टिनाच्या शेडमध्ये ते आम्हा तरुणांचा वर्ग घेत. विषय एकच, शास्त्रात लिहिलंय ते जमिनीत सापडतं का. त्यासाठी त्यांनी एक जाड वही केली होती. पानावर तीन रकाने. सापडलं. सापडलं नाही. अजून खोदलं नाही. तिसरा रकाना सगळ्यात लांब असायचा आणि तोच त्यांना सगळ्यात जास्त आवडायचा.

पिलाताचं नाव कोरलेला दगड कैसरियात सापडला, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. ज्याने येशूला क्रुसावर पाठवलं तो अधिकारी खरोखर होता, त्याच्या काळातल्या दगडावर त्याचं नाव होतं. पण त्यांना त्याहून गंमत वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. तो दगड नाटकगृहाच्या जिन्यात पायरी म्हणून बसवलेला निघाला. "पाह्य गा, एवढ्या मोठ्या साहेबाचं नाव, अन् लोक त्याच्यावर पाय देऊन वर चढत. दाविदाच्या घराण्याचं नाव असलेला दगडही असाच फुटका, दुसऱ्याच्या भिंतीत. लोक दगड हलवतात. म्हणून दगडाले नाही विचारायचं, त्याच्या खालच्या मातीले विचारायचं."

पुढच्याच रविवारी यरीहो निघालं. यहोशवाने कर्णे वाजवले आणि भिंती पडल्या, हे आम्ही लहानपणापासून गात आलो होतो. सर म्हणाले, तिथे पडलेल्या भिंती आहेत, पण बहुतेक खोदणाऱ्यांना त्या यहोशवाच्या फार आधीच्या दिसतात. त्याच्या वेळचा कोट अजून मिळाला नाही. आणि त्यांनी यरीहो दुसऱ्या रकान्यात लिहिलं, आमच्यासमोर.

ही बातमी घरोघर गेली. मंडळीच्या पंचांपैकी थॉमसकाका सगळ्यात कडक. पोस्टातून निवृत्त, आवाज पहाडी. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. मी दाराशी उभा होतो.

"शमुवेल, पोरं बिघडवून राहिला तू. भिंत पडली नाही म्हणते?"

"पडली ना काका. पण लय आधी पडली, असं दिसते."

"मग शास्त्र खोटं?"

"मी भिंतीबद्दल सांगून राहिलो."

"भिंत जाऊ दे. तुले विश्वास हाये का नाही, तेवढं सांग."

सरांनी खिशातल्या पेन्सिली सारख्या केल्या. मग म्हणाले, "हाये. म्हणून तर त्याले खोट्या भिंतीचा टेकू नाही देत."

 काकांनी वर्ग तीन महिने बंद ठेवला. सर त्या तीन महिन्यांत दर रविवारी शेडमध्ये एकटे बसून वही लिहीत.

मी बावीस वर्षांचा असताना बेकार होतो. सरांनी मला रामटेकच्या बाजूला एका गावाच्या माळावर कामाला लावलं. जुन्या लोकांनी मयतांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळं तिथे खात्याने खोदायला घेतली होती. माझ्या हाताखाली बारा मजूर. पाचव्या दिवशी माझ्या हातातल्या माती खरवडायच्या करणीला लोखंडी कट्यार लागली. त्या दिवशी नेमके मोठे साहेब पाहणीला आले होते. मी ती उपसली आणि धावत नेऊन त्यांच्या हातात दिली. साहेब खूश. मीही खूश.

सर आले. "कुठून काढली?"

"तिथून."

"तिथून म्हणजे? मडक्याच्या वर होती का खाली? टोक कोणीकडे होतं? माणसाच्या हाताजवळ होती का पायाजवळ?"

यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं.

"मग आता हे लोखंड झालं," ते म्हणाले. "भंगारवाल्याले दे."

साहेबांसमोर म्हणाले.  दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला खड्ड्यात उतरवलं, खड्ड्याची उभी बाजू करणीने तासली, तिच्यावर तोंडाने पाणी फुंकलं, आणि म्हणाले, "पाह्य." आधी मला नुसती माती दिसली. मग ओलाव्यात एक कड उमटली. कडेच्या अलीकडे माती घट्ट, एकजीव. पलीकडे काळी-पिवळी मिसळलेली, जराशी सैल. "जमीन एकदा खोदली ना सुधाकर, की भरलेली माती पहिल्यासारखी बसत नाही. हजार वर्षं झाली तरी नाही बसत. अन् जिथं कोणी हात नाही लावला, तो मुरूम कोरा दिसते." त्या दिवशी मी जे पाहिलं त्याच्यावर आजपर्यंत माझा धंदा चालला आहे. कुठे जुनी विहीर बुजवली, कुठे भराव टाकला, हे मी बाजू पाहून सांगतो. त्याच डोळ्याने मी भल्याभल्यांना वाटाघाटीत गप्प केलंय.

एकदाच त्यांना कोणाचं मन राखताना पाहिलं. आमच्यातल्या रूथबाई टूरने यरुशलेमला जाऊन आल्या आणि येशूच्या काळातली म्हणून विकत घेतलेली मातीची पणती घेऊन आल्या. ती काचेच्या पेटीत ठेवून खाली तशी चिठ्ठी लावायची, असं पंचांनी ठरवलं. सरांनी पणती उलटी करून पाहिली. बाई म्हणाल्या, "काहून असं पाहता जी? खोटी हाये का?" सर म्हणाले, "बाई, हिच्यात तेल घाला, वात लावा. लय चांगली जळन." बाई खूश झाल्या. चिठ्ठी मात्र सरांनी लिहू दिली नाही. पंच भुणभुणले. मला वाटलं, चला, म्हातारपणी सर जरा वाकायला शिकले. तिथेच माझा अंदाज चुकला.

नंदनवन वस्तीकडच्या आमच्या चर्चला लागून जमिनीची एक पट्टी आहे. होती. टिनाची शेड तिच्यावरच. आमची लग्नं तिथे झाली, मयतीची जेवणं तिथे झाली. एका बिल्डरने ती पट्टी आपली असल्याचे कागद काढले. आमच्याकडे कागद नव्हता. आमच्याकडे होती मंडळीची जुनी वही. मंडळी सुरू करणाऱ्या पहिल्या उपदेशकांना पटकीत मृत्यू आला आणि याच जागेत, विहिरीपलीकडे, पुरलं, असं तिच्यात लिहिलेलं. आणि त्यांचा दगड होता, चर्चच्या दाराजवळ, पट्टीच्या अलीकडच्या टोकाला. दरवर्षी त्याला चुना लागायचा, फुलं वाहिली जायची. बिल्डर म्हणाला, वही घरात बसून लिहिली, दगड जागा बळकावायला मागाहून रोवला.

मंडळीतर्फे बोलणी मी करत होतो. कोर्टात वीस वर्षं गेली असती. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "दगडाखाली खोदा. कबर निघाली तर तुम्ही जागेवरचा हक्क सोडायचा. नाही निघाली तर आम्ही सोडतो." बिल्डर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं मी गंमत करतो आहे. थॉमसकाका उभं राहून म्हणाले, "हाव, लिहून घ्या! माझ्या जन्माआधीपासून हाये ती कबर." दोन्हीकडच्या वकिलांसमोर सह्या झाल्या, परवानग्या निघाल्या. खोदून काय निघालं हे ठरवायला माणूस कोण, तर दोन्ही बाजूंनी एकच नाव घेतलं. शमुवेल मेश्राम. मला तेव्हा वाटलं, मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला.

दगड बाजूला केला. माझीच माणसं, माझीच फावडी. मंडळी भोवती गाणी म्हणत उभी. तीन फूट काळी माती गेली, खाली पिवळा मुरूम लागला. सर उतरले. त्यांनी मुरूम तासला, पाणी शिंपडलं. पुन्हा तासला. चारही बाजूंनी दोन-दोन फूट वाढवायला लावलं. गाणी हळूहळू बंद झाली. मला वरूनच दिसत होतं. मुरूम कोरा होता. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, कोणी कधी हात न लावलेला.

मी खड्ड्यात उडी मारली आणि त्यांच्या कानाशी बोललो. "सर, काळी माती हाडं खाते. तुम्हीच सांगितलंय. एवढीच ओळ लिहा, की हाडं मातीत विरली. बाकी मी पाहतो."

"हाडं खाते," ते म्हणाले. "खड्डा नाही खात."

"बिल्डरला काय कळतं त्यातलं?"

"मले कळते ना. तुलेही कळते."

"सर, ही आपली मंडळी आहे. तुमच्या बायकोची मयत इथूनच निघाली."

 तरी त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. दगडाखाली व त्याच्या भोवती जमीन पूर्वी खोदलेली दिसत नाही. पुढे आणखी लिहिलं, यावरून कबर नव्हतीच असं म्हणता येत नाही, फक्त ती इथे दिसत नाही. बिल्डरच्या वकिलाने पहिली ओळ वाचली. दुसरी कोणाला हवी होती?

थॉमसकाका काठी उगारून धावले. "यहुदा! आपल्या लोकायले विकलं यानं!" बायकांनी सरांकडे पाठ केली. कोणीतरी त्यांच्या सायकलची हवा सोडली. त्या दिवशी ते नंदनवनातल्या त्यांच्या दोन खोल्यांपर्यंत सायकल ढकलत गेले आणि पुढच्या रविवारी उपासनेला हजर राहिले. शेवटच्या बाकावर. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली, ती कायमची.

लोक त्यांना बोलले आणि मलाही बोलले. शर्त माझी होती. पण मी अजूनही म्हणतो, एक ओळ. नुसती एक ओळ. एवढ्याशा ओळीने टिनाची शेड वाचली असती.

शेड पाडली तेव्हा मी पाहायला गेलो नाही. वर्षभराने बिल्डरने तळघराच्या खोदाईचं काम काढलं आणि मी ते घेतलं. हो, घेतलं. मी नसतं घेतलं तर दुसऱ्या कोणी घेतलं असतं. मंडळीत तेव्हापासून मला कोणी जेवायला बोलावत नाही, हा भाग वेगळा.

त्याच सुमारास थॉमसकाका अंथरुणाला खिळले. त्यांना पाहायला कोण जायचं, तर सर. इतरांनीही आधी जायला सुरुवात केली होती, पण काकांचं बरळणं कोणाला सहन होईना. सर स्टुलावर बसून ऐकत. एका दुपारी काका शुद्धीवर होते आणि म्हणाले, "शमुवेल, तो दगड आम्ही चौघा पोरायनं उचलून आणला होता गा. पार त्या कोपऱ्यातून, विहिरीच्या तिकडून. पावसात म्हाताऱ्यायले फुलं वाहाले चिखलातून जावं लागे. म्हणून दाराशी आणला."

सरांनी विचारलं, "मग काका, त्या दिवशी सांगितलं काहून नाही?"

"ध्यानातच नव्हतं. अन् खरं सांगू? दगड आला म्हणजे कबर आली, असंच वाटे मले."

सरांनी हे पंचांना सांगितलं. पंच म्हणाले, आता म्हाताऱ्याच्या नावावर आपलं पाप धुऊन राहिला. मग ते माझ्याकडे आले. साइटच्या गेटवर, उन्हात, छत्री टेकत. सगळं सांगितलं. "मंडळीची वही खरी दिसते, सुधाकर. विहिरीपलीकडे लिहिलंय, अन् तो कोपरा विहिरीपलीकडेच हाये. तिकडे मशीन जाईल त्या दिवशी मले बोलाव. करारात दगडाखाली लिहिलंय, मले मालूम हाये. पण कबर खरीच निघाली तर मंडळीले पुन्हा कोर्टात उभं राहता येईल."

मी म्हटलं, पाहू.

मी बोलावलं नाही. ते रोज आपणहून येत आणि पत्र्याच्या फटीतून खड्ड्याकडे पाहत उभे राहत. सिक्युरिटीवाल्याने त्यांना खुर्ची दिली होती. मी तिकडे बघत नसे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या खड्ड्यात. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.

सकाळी अकराचा सुमार होता. पोकलेनने पूर्वेचा कोपरा धरला होता. मशीनवर रामाजी, पंधरा वर्षांपासूनचा माझा ऑपरेटर. बकेट वर गेली आणि खड्ड्याची उभी बाजू उघडी पडली. पिवळ्या मुरमात एक काळा चौकोन. वरून खाली सरळ उतरलेल्या कडा, तळ सपाट. अर्धा बकेटमध्ये गेला होता, अर्धा भिंतीत होता.

"सुधाकर, मशीन थांबव!" गेटमधून ओरडत सर रॅम्पवरून उतरले. त्या वयात, त्या चपलांनी. त्यांनी तळहाताने बाजू साफ केली आणि पाणी मागितलं. रामाजीने आपली बाटली दिली. पाणी शिंपडलं तशा कडा ओल्या होऊन वर आल्या. काळी-पिवळी मिसळलेली माती, आणि दोन्ही बाजूंना कोरा मुरूम.

सर मागे वळले. "काय दिसते?"

"माती," मी म्हटलं.

"कोणती?"

मी घड्याळ पाहिलं.

"एक दिवस थांब. मी पंचायले घेऊन येतो. खात्याले कळवतो. बाकी राहिलेली अर्धी कबर हाताने उघडू."

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला एक ओळ मागितली होती."

"हाव."

"दिली तुम्ही?"

"नाई."

"मग?"

त्यांनी एखादं माप ऐकून घ्यावं तशी मान हलवली. "मग मले काढू तरी दे."

पिशवीतून त्यांनी पाटी काढली, तिच्यावर चौकटीचा कागद लावला आणि उभ्याने काढू लागले. मी काही बोलायच्या आत रामाजीने इंजिन बंद केलं. वर डंपर रांगेत हॉर्न वाजवत होते. सर मोजत होते, पुटपुटत होते, एक-एक खडा कागदावर मांडत होते. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी खाली तारीख घातली, सही केली आणि पाटी माझ्यापुढे धरली. वर पेन्सिल.

"इथं तुझं नाव टाक. एकट्या म्हाताऱ्याच्या कागदाले कोणी विचारत नाही. तू खोदणारा हायेस, तुले माती कळते, हे त्या बिल्डरलेही मालूम हाये. तुझं नाव असलं तर हे टिकन."

त्या कागदावर माझं नाव पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडलं असतं. आणि ज्या जागेची शर्त मी हरलो ती जागा आमचीच होती, हे माझ्याच हाताने लिहून झालं असतं. मी हात खिशात घातले.

 ते रागावले नाहीत. मग पेन्सिल खिशात ठेवली, कागदावर बसलेली धूळ फुंकली आणि पाटी पिशवीत घालून रॅम्प चढू लागले. सैल मुरूम पायाखालून घसरत होता. अर्ध्यावर ते गुडघ्यावर आले तेव्हा रामाजी केबिनमधून उडी टाकून धावला आणि हात धरून त्यांना वर नेऊन सोडलं. वर पोचल्यावर त्यांनी छत्री उघडली आणि मागे न पाहता गेटबाहेर गेले.

रामाजी खाली आला. मी म्हटलं, चल, चालू कर.

"भाऊ, आज माही तब्येत बरी नाई," तो म्हणाला आणि मशीनकडे पाठ करून सावलीत जाऊन बसला.

मग मीच केबिनमध्ये चढलो.